बॅग बदलली तरी खांदा दुखतोच? कॅमेरा बॅगेची तक्रार मुळापासून तपासा

तक्रार जवळजवळ ठरलेली असते. कॅमेरा घेऊन दोन-तीन तास फिरलं की खांदे भरून येतात, मान आखडते, संध्याकाळी हात वर करतानाही कळ येते. मग जाड पट्ट्यांची नवी बॅग घेतली जाते. सुरुवातीला बरं वाटतं, कारण दाबाची जागा बदललेली असते. थोड्या दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं, पुन्हा नवी बॅग. बरीच वर्षं फोटो काढणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, अशा दोन-तीन बॅगा आत पडलेल्या सापडतील. त्यातली एकही टाकाऊ नसते.

पट्टा जाड केला म्हणजे खांदा वाचेल, ही समजूत आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी या प्रकारातली आहे. फोममुळे पट्टा रुतत नाही, एवढाच त्याचा उपयोग. खांद्यावरचं वजन त्याने एक ग्रॅमही कमी होत नाही. खांदा सुटतो तो वजन कमरेच्या हाडावर उतरलं तर, आणि ते उतरेल की नाही हे बॅगेची लांबी, तिची पाठ आणि आतली मांडणी या तीन गोष्टी ठरवतात. म्हणून नवी बॅग शोधण्याआधी आहे तीच बॅग भरून समोर ठेवा आणि पुढे दिलेल्या क्रमाने तपासा. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक तक्रारी इथेच मिटतात.

वजन काट्यावर पाहा, अंदाजाने नको

नेहमी नेता तशीच बॅग भरा. पाण्याची बाटली भरलेली हवी, चार्जर, जॅकेट, सगळं आत हवं. बॅग घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग बॅग खाली ठेवून पुन्हा उभे राहा. वजाबाकी केली की उत्तर हातात.

आता हा आकडा फोडून बघू. सोनी अल्फा ७ मार्क ४ ही बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासह ६५८ ग्रॅमची. त्यासोबत पहिल्या पिढीची २४-७० जी मास्टर लेन्स ८८६ ग्रॅम, दुसऱ्या पिढीची ७०-२०० जी मास्टर ट्रायपॉड कॉलरशिवाय १०४५ ग्रॅम, आणि ८५ एफ/१.८ ही ३७१ ग्रॅम. बेरीज २९६० ग्रॅम. म्हणजे एक बॉडी आणि तीन चांगल्या लेन्सा मिळून तीन किलोसुद्धा होत नाहीत. तरीही असा संच घेऊन फिरणाऱ्याची बॅग नऊ किलो भरते. उरलेले सहा किलो कुठून आले? रिकामी बॅग दोन किलो. एक लिटर पाणी बाटलीसकट सव्वा किलो. लॅपटॉप आणि त्याचा चार्जर जवळपास दोन किलो. बाकी फ्लॅश, जादा बॅटऱ्या, केबल, फिल्टरची डबी, आणि तळाशी कुणालाच आठवत नसलेल्या वस्तू.

बॅगेचं वजन वाढलं की लोक लेन्स विकायचा विचार करतात. पण खांद्यावर येतो त्यातला मोठा वाटा कॅमेऱ्याचा नसतोच. फोटो जागेवर एडिट करायचे नसतील तर लॅपटॉप घरी राहू द्या. भिंतीवरचा चार्जर दिवसभर पाठीवर वागवण्यापेक्षा एक जादा बॅटरी न्या. मागच्या चार फेऱ्यांत जी वस्तू एकदाही बाहेर निघाली नाही, ती आज रात्री काढून ठेवा.

नेमकं कुठे दुखतंय?

"खांदा दुखतो" एवढ्यावरून निदान होत नाही. बोट ठेवून जागा दाखवा.

मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंतचा वरचा स्नायू दोन्ही बाजूंना सारखाच दुखत असेल, तर बॅगेचं सगळं वजन खांद्यांवर लटकतंय आणि कमरपट्टा नावापुरता आहे. इलाज पुढच्या दोन भागांत आहे.

एकाच बाजूला दुखत असेल तर शोल्डर बॅग किंवा स्लिंगकडे (एकाच पट्ट्याची, अंगावर आडवी घालायची छोटी बॅग) बघा. एका खांद्यावर पट्टा टाकला की तो घसरू नये म्हणून त्या बाजूचा खांदा आपण नकळत उचलून धरतो, तासन्‌तास. पट्टा डोक्यावरून आडवा घातला की हे उचलून धरणं थांबतं, पण भार एकाच बाजूला राहतो. तीन किलोच्या वरचं सामान दिवसभर शोल्डर बॅगेत नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तास-दीड तासाच्या कामाला हरकत नाही.

दुखणं कमरेच्या वर, पाठीच्या खालच्या भागात असेल, तर बॅग पाठीपासून लांब लोंबकळतेय किंवा जड वस्तू बाहेरच्या बाजूला आहेत. वजन मणक्यापासून जितकं लांब, तितकं ते मागे ओढतं. तोल सावरायला माणूस पुढे वाकतो आणि कंबर दिवसभर ताणलेली राहते.

हाताला मुंग्या येत असतील किंवा बोटं बधिर होत असतील तर मात्र ही दुखण्याच्या पुढची गोष्ट आहे. मानेतून हातात जाणाऱ्या नसा गळपट्टीच्या हाडाखालून जातात आणि अरुंद पट्ट्यांच्या जड बॅगेने तिथे दाब येऊ शकतो. बॅग लगेच उतरवा. उतरवल्यावरही बधिरपणा जात नसेल किंवा हातातली ताकद कमी वाटत असेल, तर नवी बॅग बघत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

बॅग तुमच्या पाठीच्या मापाची आहे का?

ही सगळ्यात महत्त्वाची तपासणी, आणि तीच कुणी करत नाही. उंचीवरून हे माप कळत नाही. सारख्या उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब असतात, दुसऱ्याची पाठ.

मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका हाताला ठळक लागतो तो सातवा मणका. तिथे टेपचं एक टोक धरायला कुणाला तरी सांगा. आता दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे पाठीमागे येतील आणि पंजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकतील. दोन अंगठ्यांना जोडणारी रेषा मनात धरा. मानेच्या मणक्यापासून त्या रेषेपर्यंत पाठीच्या वळणाला धरून टेप सोडा. हे झालं पाठीचं माप.

आता बॅगेचं माप. खांद्याचे पट्टे बॅगेच्या पाठीला जिथे शिवलेत, तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजा. दोन आकड्यांत चार-पाच सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर तुमच्या दुखण्याचं कारण बहुधा सापडलं. पाठ ५० सेंटिमीटर आणि बॅग ४२, असं असलं की कमरपट्टा पोटावर येतो. पोटात हाड नाही, त्यामुळे पट्टा कितीही आवळला तरी त्यावर वजन टेकत नाही. उलट श्वास मात्र अडतो. बॅग लांब आणि पाठ आखूड असेल तर पट्टा मांड्यांच्या वरच्या भागावर घासतो आणि चालताना पाय अडकल्यासारखे होतात.

गिर्यारोहणाच्या सॅकमध्ये हे माप लहान-मोठं करता येतं. कॅमेरा बॅगा मात्र बहुतेक एकाच मापात येतात. शिमोडासारख्या थोड्या कंपन्या खांद्याच्या पट्ट्यांची उंची बदलायची सोय देतात. बारीक बांध्याच्या किंवा अरुंद खांद्यांच्या लोकांना, आणि अनेक स्त्रियांना, सरळ पट्टे छातीवर किंवा काखेत घासतात. त्यांनी इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले पट्टे मुद्दाम शोधावेत. दुकानदार "सगळ्यांना बसते" म्हणतो तेव्हा बहुधा मध्यम बांध्याचा पुरुष त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

माप जुळलं तरी आणखी एक गोष्ट बघा. बॅग भरून पाठीवर घ्या, कमरपट्टा घट्ट करा आणि खांद्याचे पट्टे पूर्ण सैल सोडा. बॅग जागच्या जागी उभी राहिली तर तिच्या पाठीत ताठ पत्रा किंवा पट्टी आहे आणि वजन कमरेवर उतरतंय. ती मधेच वाकून खाली बसली, तर वजन पोहोचवायला आत काही नाही. अशा बॅगेला फक्त दोन बोटं रुंदीचा निवारीसारखा कमरपट्टा असतो. तो बॅग हलू देत नाही, पण वजन पेलणं त्याचं काम नाही. पाच किलोपर्यंत अशी बॅग चालते, पुढे नाही.

पट्टे आवळायचा क्रम

बहुतेकजण बॅग खांद्यावर टाकतात, खांद्याचे पट्टे ओढतात आणि कमरपट्टा आठवला तर शेवटी लावतात. क्रम नेमका उलटा हवा.

आधी सगळे पट्टे सैल करा. बॅग पाठीवर घ्या, थोडे पुढे वाका, आणि कमरपट्ट्याचा गादीचा भाग दोन्ही बाजूंना कमरेच्या हाडाच्या कडेवर बसवा. बकल लावून घट्ट करा. आता सरळ उभे राहा. खांद्याचे पट्टे फक्त इतकेच ओढा की ते खांद्याला टेकतील, दाबणार नाहीत. खांद्याच्या वरून बॅगेकडे तिरपे जाणारे छोटे पट्टे असतील, लोड लिफ्टर म्हणतात ते, तर ते हलकेच ओढा. बॅगेचा वरचा भाग पाठीला चिकटेल. या पट्ट्यांचा कोन साधारण ३० ते ४५ अंश असावा. ते आडवे किंवा खाली उतरलेले दिसले तर बॅग पाठीच्या मानाने आखूड आहे हे पक्कं. शेवटी छातीचा पट्टा, गळपट्टीच्या हाडांच्या थोडा खाली आणि मोकळा श्वास घेता येईल इतपतच घट्ट. खांद्याचे पट्टे वारंवार घसरत असतील तर त्याचा इलाज हाच छातीचा पट्टा आहे. लोक घसरण थांबवायला खांद्याचे पट्टे आवळतात आणि दुखणं ओढवून घेतात.

क्रम बरोबर जमला की खांद्यावर पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात. सरकत नसतील तर पुन्हा पहिल्यापासून.

आतली मांडणी

दुकानातून येते त्या मांडणीत डिव्हायडर, म्हणजे आतले खण पाडणारे पडदे, तसेच ठेवून त्यात सामान बसवायची सवय असते. ते डिव्हायडर काढता यावेत म्हणूनच वेल्क्रोच्या चिकटपट्टीचे असतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळे बाहेर काढा.

सगळ्यात जड वस्तू, म्हणजे ७०-२०० किंवा दुसरी बॉडी, पाठीला लागून आणि उंचीने मध्यावर किंवा किंचित वर. हलकं सामान बाहेरच्या बाजूला आणि तळाशी. पाण्याची बाटली एका बाजूच्या खिशात असेल तर दुसऱ्या बाजूला तितकंच काही हवं, नाहीतर दिवसभर शरीर एका अंगाला कलतं. ट्रायपॉडचंही तेच. बाजूला बांधला तर कलंडतं, मागे मधोमध बांधला तर मागे ओढतं. दोन्हींत मागचा बरा, पण दोन किलोचा ट्रायपॉड कायम बॅगेला बांधून फिरण्यापेक्षा चालताना हातात घेतलेला चांगला.

पाठीला जाळी असलेल्या, हवा खेळती ठेवणाऱ्या बॅगांबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही. जाळीमुळे घाम कमी येतो हे खरं, पण ती पोकळी सगळं सामान पाठीपासून काही सेंटिमीटर लांब ढकलते. हलक्या सामानाला ती छान. दोन बॉड्या आणि मोठी टेलिफोटो (दूरचं टिपणारी लेन्स) असेल तर मी ओली पाठ पत्करेन.

बॅग आरामशीर आहे, पण कॅमेरा बाहेर निघत नाही

ही दुसरी नेहमीची तक्रार. पाठीवर बॅग मस्त बसते, पण लेन्स बदलायला ती उतरवा, जमिनीवर आडवी करा, पूर्ण चेन फिरवा, तोवर पक्षी उडून गेलेला असतो. हळूहळू माणूस लेन्स बदलायचंच सोडतो.

इथे सोय आणि आराम यांच्यात खरंच ओढाताण आहे. सगळं मिळेल अशी बॅग नाही, म्हणून तुमचं काम कुठलं ते आधी ठरवा. लग्नसमारंभात किंवा बातमीच्या ठिकाणी मिनिटामिनिटाला लेन्स बदलावी लागते. तिथे वरून उघडणाऱ्या शोल्डर बॅगेला तोड नाही. फिलाडेल्फिया इन्क्वायरर या वृत्तपत्राचे फोटोग्राफर जिम डॉम्की यांनी १९७०च्या दशकात स्वतःच्या कामासाठी जी कॅनव्हासची बॅग आखली, तिच्यात फोम अगदी कमी होता. मऊ कापड अंगाला लपेटून बसतं आणि झाकण उचललं की हात थेट लेन्सवर पडतो. इंग्लंडची बिलिंगहॅम १९७३ मध्ये सुरू झाली ती मासे पकडणाऱ्यांच्या बॅगा बनवत. फोटोग्राफरांनी त्या आपणहून उचलल्या, कारण त्यांनाही उभ्या-उभ्या, न बघता आत हात घालायचा होता. भिंतीसारख्या ताठ, जाड फोमच्या बॅगा सुरक्षित वाटतात, पण त्या अंगावर बसत नाहीत आणि निम्मी जागा फोमच खातो.

डोंगरवाटेवर उलट हिशेब. तिथे लेन्स क्वचित बदलते आणि चालणं जास्त असतं. म्हणून तुमच्या मापाची ट्रेकिंगची सॅक घ्या आणि तिच्यात कॅमेऱ्याचा वेगळा पॅड केलेला खण टाका, असं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक कॅमेरा बॅगांपेक्षा ती पाठीला चांगली बसते, आणि कॅमेरा नसेल त्या दिवशीही वापरता येते. चालता चालता हवा असलेला कॅमेरा खांद्याच्या पट्ट्यावर क्लिप लावून अडकवा. हलकी बॉडी असेल तरच, कारण दोन किलोचा संच तिथे एका खांद्याला ओढेल.

शहरात फिरून फोटो काढणाऱ्यांना एक बॉडी, दोन लहान लेन्सा आणि छोटी स्लिंग पुरते. गर्दीत फिरायचं असेल आणि बॅकपॅकच हवी असेल तर पाठीच्या बाजूने उघडणारी घ्या. पाठीवर असताना चेन कुणाच्या हाती लागत नाही. शिवाय चिखलात ठेवली तरी पट्ट्यांची बाजू वर राहते, कपडे खराब होत नाहीत.

बाजूने उघडणाऱ्या बॅगेत एक धोका आहे. चेन अर्धवट राहिली आणि बॅग पुढे फिरवली की बॉडी सरळ खाली. अशा बॅगेला चेनवर वेगळं बकल असेल तरच घ्या, आणि कॅमेरा काढल्यावर चेन लावायची सवय हाताला लागू द्या.

नवी घ्यायचीच असेल तर

लिटरच्या आकड्यावर जाऊ नका. २५ लिटरच्या बॅगेत कॅमेऱ्याचा खण कधी अख्खा असतो, कधी निम्माच. आतली लांबी, रुंदी आणि विशेषतः खोली बघा. खाली जादा बॅटरीची ग्रिप लावलेली बॉडी कमी खोलीच्या बॅगेत बसली तरी चेन ताणून लावावी लागते, आणि ताणलेली चेन पहिल्यांदा फाटते. लांब टेलिफोटो असेल तर लेन्स बॉडीला लावून, हूड उलटा बसवून जी लांबी येते ती मोजून न्या.

दुकानात आपलं सगळं सामान घेऊन जा आणि बॅग भरून निदान वीस मिनिटं अंगावर ठेवा. जिने चढा, बसा, खाली वाका. रिकाम्या बॅगेने कुणाचाच खांदा दुखत नाही, त्यामुळे रिकामी घालून बघण्याला अर्थ नाही. ऑनलाइन मागवलीत तर हीच परीक्षा घरात, लेबल न तोडता, परत करायची मुदत संपायच्या आत.

चेन एका हाताने फिरवून बघा, वळणावर अडते का ते कळतं. वायकेके कंपनीच्या चेनवर ५, ८, १० असे आकडे असतात. ते ढोबळमानाने बंद चेनच्या दातांची मिलिमीटरमधली रुंदी सांगतात. मुख्य कप्प्याला ५ पेक्षा ८ किंवा १० बरी. कापडाच्या डेनियरचा आकडा जितका मोठा तितका धागा जाड, पण बॅगही तितकी जड. रोज खडकावर घासणार नसाल तर १६८० डेनियरच्या बॅलिस्टिक नायलॉनचा अट्टहास कशाला? रिकाम्या बॅगेचं वजन हा आकडा लोक वाचतच नाहीत. बऱ्याच विमान कंपन्या हातातल्या सामानाला सात किलोची मर्यादा ठेवतात. त्यात बॅगच अडीच किलोची असेल तर कॅमेऱ्याला उरलं किती? जादा लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत, तेव्हा त्यांची जागा आधीच धरा.

बॅग आतून चिकट झालीय, वास येतो

याचा खांद्याशी संबंध नाही, पण तक्रार वारंवार येते. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट हवेत काही वर्षांनी तो विरघळू लागतो, आधी चिकट होतो, मग पापुद्रे सुटतात. तो परत जागेवर येत नाही. पावसाच्या कव्हरवरचा थर गेला असेल तर फक्त कव्हर बदला. बॅगेच्या आतले पापुद्रे लेन्सच्या मागच्या काचेवर आणि सेन्सरवर बसत असतील तर मात्र ती बॅग कॅमेऱ्यासाठी वापरणं थांबवा.

फोम ओलावा धरून ठेवतो. म्हणून महिनोन्‌महिने कॅमेरा बॅगेत बंद ठेवू नका. ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता सतत राहिली की लेन्सवर बुरशी धरायला पोषक वातावरण मिळतं. घरी आल्यावर सामान बाहेर काढा, ते ४०-५० टक्के आर्द्रतेच्या कोरड्या कपाटात किंवा सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि बॅग सगळ्या चेन उघडून हवेशीर जागी टांगा.

हे सगळं करूनही दुखत असेल तर

बॅग मापाची, पट्टे बरोबर, मांडणी नीट आणि तरीही दुखतंय, तर आता वजनाकडेच यावं लागेल. एकाच बॅगेत सगळं कोंबायचा हट्ट सोडा. मोठी बॅग गाडीत किंवा मुक्कामी ठेवा आणि आजच्या कामाच्या दोन लेन्सा छोट्या पाऊचमध्ये कमरेच्या पट्ट्याला लावा. खांदा पूर्ण मोकळा राहतो. ७०-२०० एफ/२.८ ऐवजी एफ/४ घेतली तर मॉडेलनुसार साधारण पाव ते अर्ध्या किलोचा फरक पडतो, आणि उजेडात काम करणाऱ्याला एक स्टॉप, म्हणजे लेन्समधून निम्माच उजेड येणं, क्वचितच नडतो. तासाभराने बॅग उतरवून दोन मिनिटं खांदे फिरवा. आधीपासून मानेचा किंवा कमरेचा त्रास असेल तर किती वजन उचलायचं हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवा, आणि भरलेली बॅग सोबत घेऊन जा, म्हणजे ती पाठीवर कशी बसते हे त्यांनाही बघता येईल.